डाव्या हाताची प्लेट

नर्सिंग कॉलेजात मायक्रोबायोलॉजी हा विषय सुरू झाला, त्या दिवशी मॅडमनी आम्हाला एक अक्षरही शिकवलं नाही. एकेकीला टेबलाजवळ बोलावलं, काचेची चपटी, झाकणाची डबी उघडली आणि आतल्या पिवळसर, खरवसासारख्या थरावर बोटं टेकवायला लावली. "रखो, उठाओ, जाओ।" एवढंच. त्या डबीला प्लेट म्हणतात आणि आतल्या थराला अगर, हे आम्हाला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी प्लेटा टेबलावर मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या बोटांचे ठसे त्यांवर उगवून आले होते. पांढरे, पिवळे, एकीचे तर चक्क केशरी. घरून आंघोळ करून, पावडर लावून, वेण्या घट्ट बांधून आलेल्या आम्ही मुली, आणि बोटांवर ही वस्ती! एकीला मळमळायला लागलं. एकीने त्या दिवशी डबाच उघडला नाही. मी उघडला, कारण आईने वडाभात दिला होता आणि वडाभातापुढे माझी तत्त्वं टिकत नाहीत. पण हात मात्र कोपरापर्यंत धुऊन आले.

मॅडम नाकावर माशी बसू न देणाऱ्या होत्या. सुती साडी, वर पांढरा कोट, केसांचा अंबाडा असा की वाऱ्याचीही हिंमत होऊ नये. नखं वाढली की बोलणी, मेंदी लावली की बोलणी, उशीर झाला तर दाराबाहेरच. हिंदी त्यांची अगदी नेमकी, फालतू शब्द नाही. त्यांच्या तोंडून कुणाची स्तुती ऐकलेली मुलगी आमच्या आधीच्या बॅचमध्येही नव्हती. सुरुवातीला मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण या कडक बाईंच्या लॅबमध्ये एक रिवाज होता आणि त्या रिवाजापायी मी त्यांची कायमची भक्त झाले. जंतूंचं काम करताना काही गोष्टींना काही गोष्टी लागू द्यायच्या नसतात. तापवून निर्जंतुक केलेली तारेची कडी टेबलाला लागली, नळीचा कापसाचा बोळा ओट्यावर टेकला, झाकणाच्या आत बोट गेलं, की काम बिघडलं. डोळ्यांना मात्र काही दिसत नाही. म्हणून मॅडमचा नियम असा, की जिच्या हातून असं होईल तिने तिथल्या तिथे मोठ्याने म्हणायचं, "हाथ लग गया।" मग हातातलं बाजूला ठेवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. कुणी हसायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

आणि इथे मॅडम रागवत नसत. केसांच्या पिनेवरून भर वर्गात पाणउतारा करणारी बाई, कुणी "हाथ लग गया" म्हटलं की फक्त मान हलवायची आणि म्हणायची, "अच्छा। फिर से।" त्या आवाजात रागाचा लवलेश नसे. पहिल्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये इतक्या जणींना हात लागत होता की तासभर तोच गजर चालू असायचा. पुढे पुढे तो कँटीनमध्येही पोचला. माझ्या समोशाकडे कुणाचं बोट वळलं की मी ओरडायची, "हाथ लग गया!" आणि तो समोसा अर्थातच माझा राहायचा.

त्या वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. माझे बाबा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत, आम्ही क्वार्टरमध्ये राहणारे. ती चेरीताल मोहल्ल्यातली. तिचे बाबा रेल्वेत. दोन्ही घरांचे आजोबा नोकरीपायी विदर्भातून इकडे जबलपूरला आलेले, त्यामुळे पहिल्याच दिवशी आडनावावरून एकमेकींचा वास लागला. मराठी तिला सगळी समजायची, बोलताना मात्र निम्मी गाडी हिंदीच्या रुळावर जायची. तरी वर्गात कुणाची टिंगल करायची असली की आम्ही मराठीत करायचो आणि आजूबाजूच्या बिचाऱ्या मुली "क्या बोली, क्या बोली" करत राहायच्या. असं सुख जबलपुरातच मिळतं.

माझ्या या मैत्रिणीत दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही तिला लहानपणापासून नडत आल्या होत्या. एक म्हणजे ती हिंदी माध्यमातून आलेली. आमचं पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, आणि जंतूंची नावं तर कुठल्याच देशातली नाहीत. दुसरं म्हणजे ती डावखुरी. घरी जेवताना, दान देताना, शाळेत पाटीवर लिहिताना, सगळीकडे तिच्या डाव्या हातावर चापट बसलेली. लॅबमध्ये पहिल्यांदा कडी हातात घ्यायची वेळ आली तेव्हा तिने मुकाट्याने उजव्या हातात घेतली आणि ती अशी थरथरायला लागली की शेजारची मुलगी दोन पावलं सरकली.

मॅडम जवळ आल्या. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिखती किस हाथ से हो?"

तिने भीत भीत डावा हात वर केला.

"तो इसी से करो।" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बर्नर तिच्या उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला, नळ्या उभ्या ठेवायची लाकडी घोडी या बाजूची त्या बाजूला केली. "जंतूंना डावं-उजवं कळत नाही," असं काहीतरी हिंदीत म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्या दिवसापासून ती लॅबमध्ये शिरली की आधी टेबल उलटं मांडून घ्यायची. तिचा डावा हात एकदा मोकळा सुटला तो असा, की तिच्यासारख्या रेघा वर्गात कुणाच्याच निघेनात.

या रेघांचं प्रकरण सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आलं. कडी ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, थंड होऊ द्यायची, नळीतल्या जंतूंच्या पाण्यात बुडवायची आणि प्लेटचं झाकण जरासंच उचलून अगरवर हलक्या हाताने रेघा ओढायच्या. झाकण मिटायचं, कडी पुन्हा तापवायची, पुन्हा रेघा. नीट जमलं तर दुसऱ्या दिवशी शेवटच्या रेघांवर जंतूंचे सुटे सुटे गोल ठिपके उगवतात. हात जड पडला तर अगर फाटतं. कुठे काही लागलं, तर भलताच पाहुणा उगवतो.

एवढं असून मायक्रोबायोलॉजीत आम्ही दोघीही गचकलो. माझी कथा साधी आहे, आणि खेपही एक कमी, कारण पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीखच मी चुकवली होती. मला इंग्रजी येतं याचा फार माज होता. पहिल्याच प्रश्नाच्या उत्तराला मी असं नटवलं, सजवलं, आकृत्यांनी मढवलं की उरलेल्या प्रश्नांना वेळच उरला नाही. अति तिथे माती. तिची कथा वेगळी. पहिल्या परीक्षेच्या वेळी तिला टायफॉइड झाला. ज्या जंतूवर प्रश्न आला होता तोच तिच्या पोटात होता आणि ती घरी पडून होती. दुसऱ्या वेळी इंग्रजीने घात केला. आता ही तिसरी आणि आमच्या नियमाप्रमाणे शेवटची खेप होती. या वेळी विषय सुटला नाही तर तिचं नाव कोर्समधून कमी होणार होतं. आणि विषय राहिला की आमच्याकडे लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही नव्याने द्यावं लागायचं. दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं.

कोर्स सुटला तर काय, हे ती फारसं बोलायची नाही. एकदाच बोलली. आम्ही सिविल लाइन्समधून चालत येत होतो, ई-रिक्शा मिळत नव्हती, ऊन डोक्यावर होतं.

"मी दुसरं काही करूच नाही शकत गं," ती म्हणाली. "लहानपणापासून हेच मनात आहे. बाबा कोणाले पण सांगतात, माझी पोरगी नर्स बनून राहिली. आता त्यांना काय सांगू, नाही बनून राहिली?"

"काहून नाही बनणार?" मी भडकून म्हणाले. "मी बसली आहे ना शिकवायला." स्वतः नापास झालेल्या बाईने किती आत्मविश्वासाने बोलावं याला काही सीमा असते, पण ती मला तेव्हा दिसली नाही.

मग मी रोज चेरीतालला जायला लागले. मी तिला इंग्रजी सांगायचे आणि ती मला रेघा शिकवायची. त्यांचं घर म्हणजे गल्लीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी रेल्वेचं कॅलेंडर, आणि आत स्वयंपाकाचा ओटा, तीच आमची लॅब. बर्नर म्हणून मेणबत्ती. कडी म्हणून सेफ्टीपिन सरळ करून टोकाला वळवलेली. प्लेट मात्र तिची अक्कल. रात्रीचं दूध तापवून निवलं की त्यावर साय धरते ना, त्या सायीवर ती रेघा ओढायची. साय फाटता कामा नये. मी ओढली की ताक व्हायचं. तिच्या डाव्या हाताखाली साय तशीच्या तशी, वर फक्त बारीक रेघा.

तिची आई कपाळाला हात लावायची. बाबा ड्यूटीवरून आले की दारातूनच विचारायचे, "काय चालू आहे?"

"काही नाही, तुमची पोरगी दुधावर रेघा ओढून राहिली," आई सांगायची. "आज चहा काळा प्या."

आणि तो भला माणूस खरोखरच काळा चहा प्यायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "बेटा, जमेल ना तिले?" मी म्हटलं, "काका, वर्गात तिच्यासारखा हात कोणाचाच नाही." ही गोष्ट निदान मी खोटी बोलले नव्हते.

लेखी पेपर तिला बरा गेला. बाहेर येऊन तिने मला उत्तरं सांगितली तेव्हा माझ्या शिकवण्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. आता उरलं प्रॅक्टिकल. त्यासाठी नागपूरहून परीक्षक आले होते. उंच, घाईतले, सारखे घड्याळ बघणारे गृहस्थ. परीक्षा देणाऱ्या आम्ही मोजक्याच मुली. प्रत्येकीला एक टेबल, एक नळी, एकच प्लेट. काम तेच, रेघांचं. प्लेटा रात्रभर उबवणीच्या कपाटात राहणार, दुसऱ्या दिवशी परीक्षक उगवलेलं बघून मार्क देणार आणि नागपूरला परतणार. मॅडम भिंतीजवळ उभ्या होत्या. परीक्षेत त्यांनी बोलायचं नसतं.

टेबलं परीक्षकांच्या सूचनेप्रमाणे मांडलेली होती, सगळी सारखी, बर्नर उजवीकडे. माझ्या लगेच लक्षात आलं. तिच्याही आलंच असणार. पण शेवटची खेप, समोर अनोळखी परीक्षक, तोंड उघडायची तिला छाती झाली नाही. तिने तशीच सुरुवात केली.

मी माझी प्लेट करता करता एका डोळ्याने तिच्याकडे बघत होते. पहिल्या रेघा सुरेख. दुसऱ्या सुरेख. मग कडी तापवायला तिचा डावा हात प्लेटवरून ओलांडून उजवीकडच्या ज्योतीकडे वळला, झाकण मिटायच्या आतच वळला, आणि अॅप्रनच्या बाहीची कड अगरला ओझरती टेकली. ओझरती म्हणजे किती? आपण झोपलेल्या बाळाच्या गालाला बोट लावतो तितकी. परीक्षक खिडकीशी फोनवर बोलत होते. मॅडम दुसऱ्या टोकाला. पाहिलं फक्त मी.

मी मनात म्हटलं, पुढे चल. बाई, पुढे चल.

ती थांबली. क्षणभर ती त्या प्लेटकडे बघत राहिली, मग तिने झाकण मिटलं, कडी घोडीत ठेवली आणि वर्गात म्हणायची तशा मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाली, "हाथ लग गया।"

सगळ्या मुली दचकून वळल्या. परीक्षकांनी फोन खाली घेतला. "क्या हुआ?"

"सर, मेरी बाँह प्लेट को लग गई।"

परीक्षेत त्या रिवाजाला काही अर्थ नव्हता. परीक्षकांना तो ठाऊकही नव्हता. तो आमच्या लॅबचा होता, रोजचा होता, चुकलं तर "फिर से" म्हणणाऱ्या बाईंच्या समोरचा होता. इथे "फिर से" कुठून येणार? माझा संताप संताप झाला. रडू आणि राग मला एकदमच येतात. मी दातओठ खात, आमच्या त्या खास गुप्त भाषेत पुटपुटले, "काहून सांगितलं गं? कोणी पाहिलं होतं का?"

"खरंच," परीक्षक तिच्याकडे बघत स्वच्छ मराठीत म्हणाले, "काहून सांगितलं?"

नागपूरचा माणूस! इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ती मात्र त्यांच्याकडेच बघत होती.

"सर," ती अडखळत म्हणाली, "वार्डमध्ये पण कोणी पाहत नाही ना."

परीक्षकांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "बाई, प्लेट एकच भेटते. नियम आहे. आहे ती पूर्ण कर आणि ठेव कपाटात. उद्या पाहू." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू आपल्या प्लेटकडे पाहा." मी पाहिलं. मॅडमकडे बघायचं मात्र मला धैर्य झालं नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्यावर इतकी भांडले की विचारू नका. बसस्टॉपवर भांडले, रस्त्यात भांडले. शहाणपणाचं बक्षीस मिळणार आहे का, म्हटलं. ती म्हणाली, "मी ठरवून नाही बोलली गं. निघून गेलं तोंडातून." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ठरवलं असतं तरी तेच बोलली असती." मग मी ई-रिक्शावाल्याशी भाड्यावरून भांडले.

दुसऱ्या दिवशी प्लेटा ओळीने मांडल्या होत्या. माझ्या प्लेटमध्ये रेघेच्या बाहेर एक पांढुरका, अगदी आगंतुक ठिपका होता. "हे कोण?" परीक्षकांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, हवेतून आलं असेल." ते म्हणाले, "आलंच असेल, तुझं लक्ष होतं कुठं?" आणि काठावरचे मार्क टाकून पुढे सरकले. मी पास झाले होते, पण आनंद झाला असं म्हणवत नाही.

तिची प्लेट त्यांनी उचलली, उजेडात धरली, फिरवली. शेवटच्या रेघांवर सुटे, गोल, एकसारखे ठिपके. बाकी काहीही नाही. बाही टेकली होती तिथेही काही नाही. सगळ्या ओळीत तिचीच प्लेट सर्वांत स्वच्छ होती.

"अरे, छान आली की!" परीक्षकांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "काही बिघडलं नाही. चलो, मी ही धरून घेतो."

माझा जीव भांड्यात पडला. तो तिथे जेमतेम श्वासभर राहिला असेल, कारण ती म्हणाली, "सर, बाही टेकली तर होती. उगवलं नाही, ते माझं नशीब आहे. सफाई नाही."

आता परीक्षक चिडले. त्यांचं चिडणं मला मनापासून पटलं. "तुला पास व्हायचं आहे का नाही? शेवटची खेप आहे म्हणतात तुझी."

"व्हायचं आहे, सर." ती एक पाऊल पुढे आली. "लय व्हायचं आहे. मला येते, सर. दुसरी प्लेट द्या, मी करून दाखवते."

"अगं, मला आज निघायचं आहे. ते उगवायला उद्या उजाडेल. आणि प्लेट आणू कुठून?"

"प्लेट है, सर।" मॅडम होत्या. दोन दिवसांतला त्यांचा हा पहिला शब्द. त्या फ्रीजपाशी गेल्या आणि वर्गाच्या कामासाठी ओतून ठेवलेल्या प्लेटांतली एक आणून टेबलावर ठेवली. तिच्याकडे पाहिलं नाही, परीक्षकांना विनंती केली नाही. प्लेट ठेवली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, खिडकीतून खाली थांबलेल्या गाडीकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. "कर."

ती टेबलाजवळ गेली. मग वळून म्हणाली, "सर, बर्नर इकडे घेऊ का? मी डावरी आहे."

"काल काहून नाही सांगितलं?"

"घाबरली होती, सर."

तिने बर्नर डावीकडे घेतला, घोडी फिरवली, हात धुतले, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. मग सुरुवात केली. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. कडी लाल झाली, निवली, बुडाली, झाकण कणभर उचललं गेलं आणि रेघा उमटत गेल्या. चेरीतालच्या त्या ओट्यावर मी रोज हे पाहिलं होतं. तरीही मला ते आज प्रथमच दिसत होतं. एवढ्या छोट्या कामात माणूस इतका देखणा दिसू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

प्लेट कपाटात गेली. परीक्षकांनी लगेच पेन काढलं आणि मार्क भरायला घेतले. मॅडम म्हणाल्या, "सर, ग्रोथ तो कल दिखेगी।"

"मला पाहायची गरज नाही," ते मराठीतच म्हणाले, बहुधा मॅडमना कळेल न कळेल याची पर्वा न करता. "काही भलतं उगवलं तर ही स्वतःच फोन करून सांगेल." त्यांनी सही केली, बॅग उचलली आणि निघाले. खरं सांगायचं तर उन्हं कलली होती आणि नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून त्यांना लांब जायचं होतं, तेव्हा विश्वास किती आणि घाई किती, हे माझ्यासारख्या संशयी बाईने ठरवू नये.

मी तिला मिठी मारली. "झालं! सुटलीस!"

"उद्या येऊन पाहायले पाहिजे," ती म्हणाली.

"काय पाहायले? मार्क भरले त्यांनी! सही झाली!"

"त्यांनी माझ्यावर सोडलं ना."

मी कपाळावर हात मारला. या मुलीने दुसऱ्या दिवशी प्लेट पाहिली आणि त्यात काही आगंतुक निघालं, तर ती खरंच नागपूरला फोन लावणार, याबद्दल माझ्या मनात तिळभरही शंका नव्हती. म्हणजे सुटका झालीच नव्हती. ती अजून त्या कपाटात, अंधारात, उबेत उगवत होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तरी आम्ही गेलो. मी गेले ती तिला एकटीला सोडवेना म्हणून, आणि वाटेत तिचं मन वळवता आलं तर पाहावं म्हणूनही. वळलं नाही. कॉलेजात शुकशुकाट. लॅबला कुलूप असेल अशी माझी आशा होती, पण दार उघडं होतं. आत मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, जणू दवाखान्यात नंबर लावून बसल्यात. कपाट बंद होतं.

"मैंने खोला नहीं है," त्या म्हणाल्या. "तुम्हारी प्लेट है। तुम देखो।"

तिने हात धुतले. कपाट उघडलं. प्लेट घेऊन ती खिडकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी देवाचं नाव घेतलं नाही, घ्यायला हवं होतं. मला फक्त तिच्या खांद्यांकडे बघत राहावंसं वाटत होतं. ती प्लेट उजेडात धरून हळूहळू फिरवत होती. एकदा. पुन्हा एकदा. कडेचा भाग, मधला भाग. मला ओरडून विचारावंसं वाटलं, पण मॅडम समोर होत्या.

"साफ़ है, मैडम," ती म्हणाली.

मॅडम उठल्या. वर्षभर आमच्या प्रत्येक नळीवरची चिठ्ठी, प्रत्येक झाकण, प्रत्येक नख स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे न गेलेल्या मॅडम. त्या आता जवळ जाऊन प्लेट हातात घेतील, चष्मा सावरतील, उजेडात धरतील म्हणून मी वाट बघत होते. तिनेही प्लेट पुढे केली.

"ठीक है," मॅडम म्हणाल्या, आणि प्लेटकडे न बघताच कपाटाचं बटण बंद करायला वळल्या.

माझी मैत्रीण तिथेच स्टुलावर बसली आणि इतक्या दिवसांचं सगळं तिच्या डोळ्यांतून यायला लागलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. माझ्या मार्कांपेक्षा तिचे मार्क किती जास्त आले ते नंतर कळलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तो न पाहता आलेला "ठीक है", तो मात्र आयुष्यात एकदा मलाही मिळावा, असं तेव्हापासून वाटतं.